केमोकाइन्स आणि त्यांचे रिसेप्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (इम्युनिटी आणि कॅन्सर)

केमोकाइन म्हणजे नक्की काय?

अगदी छोटी प्रोटीन्स. साधारण ७० ते १०० अमिनो अॅसिडची, वजन ८ ते १२ किलोडाल्टनच्या आसपास. एखादी पेशी ती बाहेर सोडते, दुसऱ्या पेशीच्या अंगावर त्यांना ओळखणारा रिसेप्टर असतो, आणि मग ती दुसरी पेशी जिकडे हे प्रोटीन जास्त आहे तिकडे सरकायला लागते. साखर कुठे सांडली हे मुंगीला जसं कुणी सांगावं लागत नाही तसंच काहीसं. माणसात असे ४५ च्या वर केमोकाइन आहेत आणि त्यांना ओळखणारे नेहमीचे रिसेप्टर मात्र २० च्या आसपासच, म्हणजे हिशोब एकास एक नाही हे इथेच लक्षात येतं.

मग सायटोकाइन म्हणजे वेगळं काय?

वेगळं नाही, पेशी एकमेकींना निरोप द्यायला जी प्रोटीन्स सोडतात त्यांचं मोठं कुटुंब आहे ते. प्रत्येक केमोकाइन हा सायटोकाइन असतो, उलट खरं नाही. पेशींना हलवणं ही केमोकाइनची खासियत.

नावं इतकी भयानक का आहेत? सीएक्ससीएल१२, सीसीआर७, काही लक्षातच राहत नाही.

कुणाच्याच राहत नाही, पण त्यात लॉजिक आहे. या प्रोटीन्सच्या सुरुवातीच्या भागात सिस्टीन नावाचं अमिनो अॅसिड असतं. दोन सिस्टीन शेजारी शेजारी असतील तर सीसी, मध्ये एक दुसरं अमिनो अॅसिड असेल तर सीएक्ससी, मध्ये तीन असतील तर सीएक्स३सी, आणि त्या जोडीतलं एकच शिल्लक असेल तर एक्ससी. पुढे एल आला तर तो केमोकाइन स्वतः, आर आला तर रिसेप्टर. शेवटचा आकडा हा फक्त क्रमांक.

ही पद्धत २००० साली ठरली. त्याआधी ज्याने शोधलं त्याने नाव ठेवलं असा कारभार होता, त्यामुळे जुन्या पेपरमध्ये आणि लॅब रिपोर्टमध्ये अजूनही जुनी नावं भेटतात: आयएल-८ म्हणजे सीएक्ससीएल८, एमसीपी-१ म्हणजे सीसीएल२, रँटेस म्हणजे सीसीएल५, आयपी-१० म्हणजे सीएक्ससीएल१०, एसडीएफ-१ म्हणजे सीएक्ससीएल१२. एवढी पाच पाठ केली तरी बरंच काम होतं.

रक्तात वाहणारी पेशी नेमक्या जागी थांबते कशी? रक्त तर केवढ्या वेगाने वाहत असतं.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण बहुतेक लोकांना वाटतं की केमोकाइन रक्तात मिसळतो आणि पेशी त्याच्या मागे मागे जाते. तसं होत नाही. मिसळला तर वाहूनच जाईल ना. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरावर हेपरान सल्फेटसारख्या साखरेच्या लांब साखळ्या असतात आणि केमोकाइन त्यांना चिकटून बसतो. पांढरी पेशी आधी सिलेक्टिन नावाच्या रेणूंमुळे भिंतीवर घरंगळत, अडखळत जाते, वेग कमी होतो, मग तिच्या रिसेप्टरला तो भिंतीवरचा केमोकाइन लागतो. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पडद्यातून सात वेळा आतबाहेर जाणारं प्रोटीन, त्याच्या आतल्या बाजूला जी-प्रोटीन जोडलेलं. सिग्नल आत गेला की सेकंदाच्या आत पेशीवरचे इंटिग्रिन नावाचे चिकटणारे रेणू ताठ होतात, पेशी जागच्या जागी घट्ट चिकटते आणि मग भिंतीतून वाट काढत टिश्यूमध्ये शिरते.

यातून एक प्रॅक्टिकल गोष्ट निघते. रक्तातली केमोकाइनची लेव्हल आणि टिश्यूमधली लेव्हल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्तात जास्त दिसला म्हणजे जागेवर काम जास्त चाललंय असं थेट म्हणता येत नाही.

इन्फेक्शन नसताना यांचं काही काम असतं का?

भरपूर. काही केमोकाइन सूज आली की तयार होतात, पण काही रोजच चालू असतात. लिम्फ नोडमध्ये सीसीएल१९ आणि सीसीएल२१ असतात म्हणून सीसीआर७ असलेल्या टी पेशी (लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि त्यांना शत्रूची ओळख करून देणाऱ्या डेंड्रिटिक पेशी तिथे पोचतात आणि एकमेकींना भेटतात. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना लिम्फ नोडमधल्या फॉलिकल नावाच्या पुंजक्यात नेण्याचं काम सीएक्ससीएल१३ आणि सीएक्ससीआर५ या जोडीचं. आतड्यात जायचं असेल तर सीसीआर९, त्वचेकडे जायचं असेल तर सीसीआर४ आणि सीसीआर१०.

आणि सीएक्ससीएल१२ तर सगळ्यांचा बाप. रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेल्सना बोन मॅरोमध्ये (हाडांच्या आतल्या मगजात) धरून ठेवतो तो हाच, त्याचा रिसेप्टर सीएक्ससीआर४. १९९६ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की सीएक्ससीएल१२ चा जीन काढून टाकलेली उंदराची पिल्लं जन्माच्या आसपासच मरतात, मॅरोमध्ये रक्त नीट तयार होत नाही आणि हृदयातही दोष राहतो. म्हणजे हा फक्त इम्युनिटीचा विषय नाही, शरीर घडतानाच याची गरज लागते.

एक केमोकाइन अनेक रिसेप्टरना लागतो आणि एका रिसेप्टरला अनेक केमोकाइन. मग एवढी डुप्लिकेट सिस्टीम कशाला?

कागदावर डुप्लिकेट दिसते हे खरं. सीसीएल५ घ्या, तो सीसीआर१, सीसीआर३ आणि सीसीआर५ तिघांनाही बसतो. पण शरीरात कोणता केमोकाइन कुठल्या टिश्यूत, किती वाजता, कोणत्या पेशीने सोडला आणि समोर कोण होतं यावर सगळं ठरतं. दोन केमोकाइन एकाच रिसेप्टरला लागले तरी आतला सिग्नल सारखाच जाईल असंही नाही.

शिवाय पेशीने बाहेर सोडल्यानंतर केमोकाइनवर कात्री चालते ती वेगळीच. डीपीपी४ नावाचं एन्झाइम, डायबिटीसच्या ग्लिप्टिन गोळ्या ज्याला अडवतात तेच, ते सीएक्ससीएल१० च्या टोकाची दोन अमिनो अॅसिड कापतं. कापलेला तुकडा रिसेप्टरवर जाऊन बसतो पण त्याला चालू करत नाही, उलट जागा अडवतो. त्यामुळे टेस्टमध्ये सीएक्ससीएल१० भरपूर आणि प्रत्यक्षात टी पेशी येतच नाहीत असंही होऊ शकतं.

एटिपिकल रिसेप्टर काय प्रकार आहे?

हे रिसेप्टर केमोकाइनला पकडतात पण पेशीला नेहमीसारखं हलवत नाहीत. यांची नावं एसीकेआरने सुरू होतात, म्हणजे एटिपिकल केमोकाइन रिसेप्टर. एसीकेआर२ सूज आणणारे सीसी केमोकाइन उचलून आत नेतो आणि संपवतो, एसीकेआर३ सीएक्ससीएल१२ चं तेच करतो. नाहीतर सगळीकडे सारखंच केमोकाइन पसरलं असतं आणि पेशीला दिशा कळलीच नसती.

यातला सगळ्यात गाजलेला एसीकेआर१, म्हणजे ब्लड ग्रुपवाल्यांचा डफी अँटिजेन. लाल पेशींवर असतो. व्हायवॅक्स मलेरियाचा परजीवी लाल पेशीत शिरायला हाच वापरतो, आणि पश्चिम आफ्रिकेतल्या बहुतेक लोकांच्या लाल पेशींवर तो नसतोच, म्हणून तिथे व्हायवॅक्स फार कमी. पूर्वी म्हणायचे की डफी नसेल तर व्हायवॅक्स होतच नाही, आता तशा लोकांमध्येही केसेस सापडल्यात. याच लोकांच्या रक्तात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींचा काउंट मुळातच कमी असतो आणि तो आजार नाही. काउंट कमी म्हणून उगाच तपासण्या करत बसण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

एचआयव्हीचा यांच्याशी काय संबंध?

एचआयव्ही टी पेशींवरच्या सीडी४ या प्रोटीनला चिकटतो हे आधीपासून माहीत होतं, पण तेवढ्याने व्हायरस आत जात नव्हता. दुसरा दरवाजा कोणता हे १९९६ मध्ये कळलं: काही स्ट्रेनसाठी सीएक्ससीआर४, बहुतेकांसाठी सीसीआर५. त्याच वर्षी हेही कळलं की काही लोक वारंवार संपर्क येऊनही इन्फेक्ट होत नाहीत, कारण त्यांच्या सीसीआर५ जीनमधले ३२ बेस गायब आहेत. याला डेल्टा३२ म्हणतात. दोन्ही कॉपी अशा असलेले लोक उत्तर युरोपात जेमतेम १ टक्का, जगात इतर ठिकाणी त्याहून खूपच कमी.

टिमथी रे ब्राउन, ज्यांना बर्लिन पेशंट म्हणायचे, त्यांना एचआयव्ही होताच आणि वर ब्लड कॅन्सर झाला. बर्लिनमध्ये २००७ आणि २००८ साली त्यांना डेल्टा३२ असलेल्या डोनरच्या स्टेम सेल्स दिल्या, आणि एचआयव्ही परत आला नाही. २०२० मध्ये ते गेले ते ल्युकेमिया परतल्यामुळे. सीसीआर५ अडवणारी मॅराव्हिरॉक ही गोळी २००७ पासून आहे, पण ती देण्याआधी व्हायरस कोणता दरवाजा वापरतोय याची टेस्ट करावी लागते, सीएक्ससीआर४ वापरणारा असेल तर या गोळीचा उपयोग नाही.

म्हणजे सीसीआर५ नसलेलाच बरा?

नाही! हाच तो मोह. सीसीआर५ नसलेल्या लोकांना वेस्ट नाइल व्हायरस झाला तर लक्षणं दिसण्याचा आणि आजार वाढण्याचा धोका जास्त असतो. २०१८ मध्ये चीनमध्ये भ्रूणातला हाच जीन एडिट करून मुली जन्माला घातल्या, जगभर टीका झाली आणि तो संशोधक तुरुंगात गेला. नैतिक मुद्दा तर आहेच, पण नुसतं बायोलॉजी बघितलं तरी एक रिसेप्टर काढला की फक्त फायदाच होईल असं गृहीत धरणं चूकच होतं.

रिसेप्टर जास्त चालू राहिला तर?

व्हिम सिंड्रोम. फार दुर्मिळ. सीएक्ससीआर४ च्या शेपटीत म्युटेशन असतं त्यामुळे तो बंदच होत नाही, न्यूट्रोफिल बोन मॅरोमध्येच अडकून पडतात, रक्तात येत नाहीत. पेशंटला वारंवार इन्फेक्शन, अंगभर चामखिळी, अँटिबॉडी कमी. २०२४ मध्ये याच्यासाठी मॅव्होरिक्साफोर नावाचं सीएक्ससीआर४ अडवणारं औषध अमेरिकेत मंजूर झालं.

या आजारातली एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १९६४ साली जिच्यावरून हा आजार पहिल्यांदा लिहिला गेला ती मुलगी मोठी झाल्यावर आपोआप बरी झाली. २०१५ मध्ये कारण कळलं: तिच्या एका स्टेम सेलमध्ये क्रोमोसोम २ चे तुकडे तुकडे होऊन तो वेडावाकडा परत जोडला गेला आणि त्या गडबडीत सीएक्ससीआर४ ची खराब कॉपीच गळून गेली. त्या एका पेशीची पिल्लावळ पुढे सगळ्या मॅरोमध्ये पसरली. असा अपघात एरवी कॅन्सरकडे नेतो, इथे इलाज झाला.

आता मुद्द्याचं. कॅन्सर यांचा वापर कसा करून घेतो?

कॅन्सरने नवीन काही शोधलेलं नाही, शरीराचीच पद्धत वापरलीय. ट्यूमरला स्वतःभोवती कोण हवंय ते तो केमोकाइन सोडून ठरवतो. सीसीएल२ सोडला की सीसीआर२ असलेले मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) येतात, ट्यूमरमध्ये त्यांचे मॅक्रोफेज (एरवी जंतू गिळणाऱ्या पेशी) होतात आणि ते लढण्याऐवजी ट्यूमरलाच मदत करतात. सीसीएल२२ सोडला की सीसीआर४ असलेल्या रेग्युलेटरी टी पेशी येतात ज्यांचं कामच इतर टी पेशींना शांत करणं आहे, ओव्हेरियन कॅन्सरमध्ये हे २००४ साली स्पष्ट दाखवलं गेलं. सीएक्ससीएल८ सोडला की न्यूट्रोफिल आणि त्यांच्यासारख्या दाबणाऱ्या पेशी येतात, शिवाय नवीन रक्तवाहिन्या फुटतात.

गंमत म्हणजे व्हायरसही यात आहेत. कापोसी सार्कोमाचा हर्पिसव्हायरस स्वतःच्या जीनोममध्ये एक केमोकाइन रिसेप्टर घेऊन फिरतो आणि तो कुठलाही केमोकाइन न लागताच कायम चालू असतो, पेशीला वाढ वाढ म्हणत राहतो.

ब्रेस्ट कॅन्सर हाडात, फुफ्फुसात, लिव्हरमध्येच का पसरतो? तिथे केमोकाइन असतात म्हणून का?

काही अंशी हो. कॅन्सर कुठेही पसरत नाही, त्याला जागा मानवावी लागते असं स्टीफन पॅजेट यांनी १८८९ सालीच बी आणि माती असं म्हणून मांडलं होतं. २००१ मध्ये एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं की ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशींवर सीएक्ससीआर४ आणि सीसीआर७ जास्त असतात, आणि सीएक्ससीएल१२ जास्त कुठे, तर लिम्फ नोड, फुफ्फुस, लिव्हर, बोन मॅरोमध्ये. उंदरांमध्ये सीएक्ससीआर४ अडवल्यावर लिम्फ नोड आणि फुफ्फुसात पसरणं कमी झालं. किडनीच्या कॅन्सरमध्ये व्हीएचएल जीन बिघडला की ऑक्सिजन कमी असल्याचा खोटा सिग्नल तयार होतो आणि त्यानेही सीएक्ससीआर४ वाढतो.

पण हे वाचून लगेच सगळं यावर टाकू नका. रक्ताचा प्रवाह, रक्तवाहिन्यांची रचना, त्या अवयवातल्या इतर पेशी, हे सगळं पण आहेच. केमोकाइन हे एक कारण आहे, एकमेव नाही.

ट्यूमरच्या विरोधात काम करणारे केमोकाइन पण असतात का?

असतात, आणि इम्युनोथेरपीच्या (शरीराच्या इम्युनिटीलाच कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या उपचारांच्या) चर्चेत सध्या जास्त महत्त्व यांनाच. सीएक्ससीएल९ आणि सीएक्ससीएल१० हे इंटरफेरॉन गॅमा या सायटोकाइनमुळे तयार होतात आणि सीएक्ससीआर३ असलेल्या मारक टी पेशींना बोलावतात. ज्या ट्यूमरमध्ये हे असतात तो बहुतेकदा टी पेशींनी भरलेला, म्हणजे हॉट ट्यूमर. जिथे नाहीत तो कोल्ड, आणि तिथे चेकपॉइंट औषध (टी पेशींवरचा ब्रेक काढणारं) दिलं तरी ब्रेक काढायला समोर टी पेशीच नसते. काही ट्यूमर डीएनए आणि हिस्टोनवर (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेलं असतं त्या प्रोटीन्सवर) रासायनिक खुणा करून हे दोन जीन मुद्दाम बंद ठेवतात. सीएक्ससीएल१३ पण असाच, त्याच्यामुळे ट्यूमरमध्ये लिम्फ नोडसारखे छोटे पुंजके तयार होतात आणि असे पुंजके असलेल्या पेशंटना बऱ्याच कॅन्सरमध्ये इम्युनोथेरपी जास्त लागू पडते.

मग वाईट केमोकाइन ब्लॉक करून टाकायचे, प्रॉब्लेम काय?

प्रॉब्लेम हा की वाईट केमोकाइन असं काही नसतंच. तोच सीसीएल२ इन्फेक्शनमध्ये लागतो. २०१४ साली उंदरांवर सीसीएल२ विरोधी अँटिबॉडी वापरून बघितली, औषध चालू होतं तोवर ब्रेस्ट कॅन्सरचं पसरणं कमी, पण बंद केल्याबरोबर मॅरोमध्ये तुंबलेले मोनोसाइट भसाभस बाहेर आले, पसरणं उलट वाढलं आणि उंदीर लवकर मेले. औषध देण्याआधी ते थांबवणार कसं याचा विचार लागतो हे त्यातून कळलं.

दुसरं म्हणजे एक रस्ता अडवला की पेशी दुसऱ्याने येतात. संधिवात आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये सीसीआर१, सीसीआर२ अडवणारी औषधं चाचण्यांत आपटली, आणि त्यावर अजून वाद आहे की टार्गेटच चुकीचं होतं की डोस कमी पडला. माझं मत डोसच्या बाजूने झुकतं, कारण रिसेप्टर जवळजवळ पूर्ण आणि सतत झाकला गेला नाही तर उरलेल्या थोड्याशावरही पेशी आरामात चालते. टिक म्हणजे गोचीड याबाबतीत औषध कंपन्यांच्या पुढे आहे, तिच्या लाळेत एव्हासिन नावाची प्रोटीन्स असतात जी बरेच केमोकाइन एकदम पकडतात, म्हणून ती कित्येक दिवस चावून बसली तरी तिथे सूज येत नाही.

मग कॅन्सरमध्ये प्रत्यक्ष वापरात काय आहे?

यादी छोटी आहे. प्लेरिक्साफोर हे सीएक्ससीआर४ अडवणारं इंजेक्शन, २००८ पासून. गंमत म्हणजे हे एचआयव्हीसाठी बनवत होते, निरोगी लोकांना दिल्यावर त्यांच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसल्या, आणि त्यावरून लक्षात आलं की स्टेम सेल्स मॅरोतून सुटून रक्तात येतायत. आता मायलोमा आणि लिम्फोमा या ब्लड कॅन्सरच्या पेशंटच्या स्वतःच्या स्टेम सेल्स गोळा करायला हे जी-सीएसएफ या पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या औषधाच्या जोडीने देतात. म्हणजे कॅन्सर मारत नाही, ट्रान्सप्लांटची तयारी करून देतं. २०२३ मध्ये मायलोमासाठी मोटिक्साफोर्टाइड हे त्याच कामाचं दुसरं औषध आलं.

थेट कॅन्सरच्या पेशीवर जाणारं म्हणजे मोगामुलिझुमॅब, सीसीआर४ विरोधी अँटिबॉडी, जपानमध्ये २०१२ पासून, अमेरिकेत २०१८ पासून त्वचेच्या टी सेल लिम्फोमासाठी. यात एक धोका आहे: ती चांगल्या रेग्युलेटरी टी पेशीही मारते, त्यामुळे नंतर डोनरच्या स्टेम सेल्सचा ट्रान्सप्लांट केला तर ग्राफ्ट व्हर्सेस होस्टचा, म्हणजे डोनरच्या पेशी पेशंटच्याच शरीरावर उलटण्याचा, त्रास जोरात होऊ शकतो. ट्रान्सप्लांटचा विचार असेल तर डॉक्टरांना हे आधीच विचारा.

सीएलएलसाठी (एक प्रकारचा ब्लड कॅन्सर) इब्रुटिनिब ही गोळी सुरू केली आणि पांढऱ्या पेशींचा काउंट वाढला. औषध लागू पडत नाही का?

सुरुवातीला हे अपेक्षितच असतं. सीएलएलच्या पेशी लिम्फ नोडमध्ये केमोकाइन आणि चिकटवणाऱ्या सिग्नलमुळे धरून राहतात, इब्रुटिनिब ती पकड सैल करतं, पेशी रक्तात येतात, काउंट चढतो आणि त्याच वेळी गाठी मात्र लहान होत जातात. पुढे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो उतरतो. फक्त काउंट बघून स्वतःहून गोळी बंद करू नका, नेमकं काय चाललंय ते तुमच्या डॉक्टरांना गाठी तपासून सांगता येतं.

केमोकाइनची ब्लड टेस्ट करून घ्यावी का?

आपलं आपण जाऊन, नाही. ठरावीक ठिकाणी उपयोग आहे. जपानमध्ये अॅटॉपिक डर्मटायटिस (एक्झिमा) किती जोरात आहे हे बघायला सीसीएल१७ रक्तात मोजतात, आणि गोचिडीमुळे होणारा लाइम आजार मेंदूपर्यंत गेलाय का यासाठी पाठीच्या पाण्यात सीएक्ससीएल१३ बघतात. रक्तात सीएक्ससीएल८ जास्त असलेल्या पेशंटना चेकपॉइंट औषधं कमी लागू पडतात असं २०२० मध्ये मोठ्या गटांच्या डेटावरून दिसलं, पण ते गटाचं चित्र आहे, एका माणसाला औषध द्यायचं की नाही हे त्यावरून ठरवत नाहीत.

एखादा पदार्थ, काढा, सप्लिमेंट घेऊन केमोकाइन बॅलन्स होतात का?

बाटलीवर असं लिहिलं असेल तर बाटली परत ठेवा. लॅबमध्ये डिशमधल्या पेशींवर हळद टाकून सीएक्ससीएल८ कमी झाला म्हणजे माणसाचा कॅन्सर कमी झाला असं होत नाही.

सध्या सगळ्यात जास्त लक्ष कशाकडे आहे?

दोन गोष्टींकडे. एक सीसीआर८. ट्यूमरच्या आतल्या रेग्युलेटरी टी पेशींवर तो भरपूर असतो आणि रक्तातल्या तशाच पेशींवर फार कमी, त्यामुळे फक्त ट्यूमरमधल्या मारता येतील का यासाठी अँटिबॉडीच्या चाचण्या चालू आहेत. इथे केमोकाइनचा सिग्नल अडवणं हा हेतूच नाही, रिसेप्टरचा वापर फक्त पेशी ओळखायला. मोगामुलिझुमॅबची अडचण यात टळेल अशी आशा आहे.

दुसरं कार-टी, म्हणजे टी पेशी लॅबमध्ये बदलून त्यांना कॅन्सर ओळखायला लावण्याची थेरपी. ब्लड कॅन्सरमध्ये ती चालते पण घट्ट ट्यूमरमध्ये, म्हणजे अवयवांतल्या गाठींमध्ये, पेशी आत पोचतच नाहीत. म्हणून ट्यूमर जो केमोकाइन सोडतो त्याचाच रिसेप्टर टी पेशीवर बसवायचा. ट्यूमर सीएक्ससीएल८ सोडतोय न्यूट्रोफिल बोलवायला, टी पेशीला सीएक्ससीआर२ दिला की तीच हाक ऐकून ती आत येते. उंदरांमध्ये अशा टी पेशी ट्यूमरमध्ये जास्त संख्येने शिरल्या आणि ट्यूमर लहान झाले, माणसांमधलं काम अजून सुरुवातीच्या टप्प्यावर आहे.